खांदा सैल सोडा

...अन् वर म्हणते काय, "काका, खांदा सैल सोडा!" अहो, सोडायला तो काय बैल आहे, दावं सोडलं की निघाला? तुम्हाला सांगतो, परांचीवरून पडलो तेव्हाही एवढा बोंबललो नाही, जेवढा या व्यायामवाल्या बाईपुढं बोंबलतो! वीस वर्षं गवंडीकाम केलं, छताचा गिलावा करावा तर मीच... अन् आता या उजव्या हाताने डोकं खाजवता येईना! त्यात मुकादमाची घाई. "सोमवारी छत धरायचंय. हात वर जात असेल तर ये, नाहीतर मेव्हण्याला पाठव." मेव्हण्याला! त्याचा गिलावा छतापेक्षा त्याच्या मिशीवर जास्त! एकदा छत हातचं गेलं की गेलं हो!

बाईने सांगितलं, भिंतीपुढं उभं राहायचं, बोटं मुंगीसारखी वर चढवायची, थांबतील तिथं रेघ मारायची. रोज. अन् खांदा सैल सोडा! घरी मी डोळे मिटून ओरडायचो, बायको रेघ मारायची. अन् काय सांगू, रेघ रोज दोन बोटं वर! आठव्या दिवशी खिडकीच्या चौकटीला टेकली! लगेच मुकादमाला निरोप धाडला, छत माझं!

मग बाईकडं गेलो. बायको सोबत. बाईने हात धरला, कोन मोजायची पट्टी लावली... काटकोनसुद्धा भरेना!

"काका, आठ दिवसांपूर्वी होता तिथंच आहे."

टाळकंच सटकलं माझं! "तुमची पट्टी खोटी! माझ्या भिंतीवर रेघा आहेत, चला दाखवतो!"

तर बायको फरशीकडं बघतेय.

"काय गं?"

"पहिल्या दिवशी खरी मारली होती... तर तुम्ही ताट भिरकावलंत. मग मीच रोज जरा वर मारत गेले. म्हटलं, रेघ चढली की यांचा राग उतरतो."

तिला बोलायला तोंड उघडलं, तर बाई मागून, "काका, खांदा सैल सोडा!"

सोमवारी छत मेव्हण्याला गेलं. मी खाली, डाव्या हाताने त्याला माल देतोय. अन् तो बेटा वरून विचारतो, "दाजी, बरोबर चाललंय ना?"

मी आपला खाली बघूनच 'हो' म्हणतो... काय करता, मान वर केली तरी खांदा दुखतो!