भट्टीची पूजा

मले खांडेनवमीचा पेढा नको देऊ गा, नुसता चहा दे. काहून ते ऐक.

माझ्या पीएचडीचं शेवटचं सँपल भट्टीत होतं. लोखंडाच्या बारीक भुकटीले तापवायचं अन् तिच्यावरून अमोनिया सोडत राहायचा, म्हणजे तिचं नायट्राइड होते. सिलिंडरात तेवढ्यापुरताच गॅस उरला होता. अन् त्याच दिवशी खांडेनवमी! आमच्या विभागात भट्टीलेही हळद-कुंकू लागते.

गाईड सर म्हणाले, “तो वास बंद कर. विभागप्रमुख मॅडम आरतीले येऊन राहिल्या.”

म्हटलं, “सर, भट्टी गरम असताना गॅस तोडला तर भुकटी नायट्रोजन सोडून देते. पुन्हा लोखंडच उरते.”

“पाच मिनिटांनं काही होत नाही.”

मी कॉक बंद केला. मॅडम दीड तासानं आल्या. तोवर सरांनी मले कॉकले हात लावू दिला नाही. आरती झाली, फोटो झाले. दुसऱ्या दिवशी भुकटी तपासली, तर निव्वळ लोखंड!

रिपोर्ट सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो पाहिला, पेढ्यांचा डबा माझ्यापुढं सरकवला अन् म्हणाले, “मग काय झालं? दसऱ्याले लोखंडच पुजतात ना गा!”