पेडल माझ्या मापाचं

…आणि वर मलाच सांगतात, सवय होईल! अहो, कसली सवय? तुम्हाला सांगते, मी कपडे शिवणारी बाई, घट्ट पँट हातात देऊन गिऱ्हाइकाला कधी म्हटलंय का, घाला, सवय होईल? तोंडावर फेकून मारेल! पण आमच्या ह्यांच्या मोटारसायकलचं मागच्या ब्रेकचं पेडल इतकं वर, की ब्रेक मारायचा तर मला अख्खा पाय उचलायचा, मग पेडल शोधायचं, मग दाबायचं… तोवर गाडी पोहोचली की पुढच्या गल्लीत! ह्यांना म्हटलं, जरा खाली घ्या ना, तर हे पेपरातून मान वर न काढता, "कंपनीनं विचार करूनच बसवलं असेल. सवय होईल." गॅरेजवाला म्हणाला, सवय होईल ताई. सासूबाईंनी जन्मात कधी गाडीला हात लावला नाही, त्याही म्हणाल्या, होईल गं सवय.

आणि लायसनच्या परीक्षेत काय झालं? साहेब म्हणाले, पांढऱ्या पट्टीच्या आत थांबा. मी पाय उचलला, पेडल शोधलं… पट्टी मागे, मी पुढे! नापास. साहेब वर काय म्हणाले असतील? बरोब्बर!

मग मात्र माझं डोकं फिरलं. अहो, पाय न उचलता, टाच टेकवून चवड्यानं पेडल दाबायचं असतं, हे मला कळत नाही? अर्धा जन्म शिलाई मशीनचं पायडल मारण्यात गेलाय माझा! पुढच्या परीक्षेच्या आदल्या दुपारी हे झोपलेले, मी पाना घेतला, गाडीवर बसले, पाय आपसूक जिथे पडतो तिथे शिवणाच्या खडूनं इंजिनवर खूण केली, पेडलचा नट सैल केला आणि बोल्ट फिरवत फिरवत पेडल आणलं अगदी खुणेवर. वा! आणि गाडी ढकलायला जाते तर… हलेचना! मागचं चाक जाम, मागचा लाल दिवा पेटलेला, आणि पेडलवर माझा पायसुद्धा नाही! उद्या परीक्षा आणि ह्यांची लाडकी गाडी मी बिघडवून बसलेय… मग म्हटलं, थांब, पँटची कंबर आत घेतली की मांडीत कापड सोडावं लागतं, तसंच असणार हे! पेडल खाली आलं आणि त्यानं ब्रेकची दांडी ओढून धरली. चाकाजवळचा नट सैल केला, चाक गरगर फिरलं. दिव्याच्या स्विचचा नट फिरवला, दिवा विझला. एकटीनं केलं सगळं, सांगून ठेवते!

दुसऱ्या दिवशी पट्टीच्या इतकी जवळ थांबले, की साहेब वाकून बघायला आले. पास!

संध्याकाळी हे गाडी घेऊन गेले आणि तोंड पाडून परत आले. "अगं, पेडल किती खाली गेलंय, पायाला सापडतच नाही." काय सांगू तुम्हाला, ह्याच क्षणाची वाट बघत होते मी. हातातलं शिवण बाजूला ठेवलं, चष्मा काढला आणि अगदी प्रेमानं म्हटलं, "सवय होईल."

झाली! चार दिवसांत झाली! आता म्हणतात कसे, "काय आरामात लागतो गं ब्रेक, उगाच इतकी वर्षं पाय दुखवून घेतला." आणि सकाळी उजाडलं की गाडी घेऊन पसार… आणि मी? पर्समध्ये लायसन घालून गिऱ्हाइकांकडे चालत जाते. काय करणार… होईल सवय.