कपाळावरची माता

चूक सरळसरळ माझ्या मोठेबाबांची, म्हणजे बापाच्या थोरल्या भावाची. कॉलेज सोडलेल्या मला मिलमध्ये मुलाखतीला बोलावलं होतं, आणि आदल्या दिवशी कपाळभर बारीक दाणे उठले.

"माता आली याले," मोठेबाबांनी ठरवलं; माता म्हणजे कांजण्या. दारावर कडुलिंब टांगला आणि मला आठवडाभर कोंडलं.

दाणे तसेच. शेवटी आईनं चोरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"ताप होता का गा?"

"नाही."

"मातेचे फोड लहानमोठे असतात, पाणी धरतात. हे तर सारे सारखे. डोक्याले काय लावतोस?"

"मोठेबाबाचं घरचं तेल."

"तेच घामासंगं कपाळावर उतरून राहिलं, छिद्रं बुजली. बंद कर."

बंद केलं, कपाळ साफ झालं. त्या बाईंचे उपकार मी जन्मभर मानीन. मोठेबाबा म्हणतात, "माता प्रसन्न झाली."

मिलची नोकरी दुसऱ्याला लागली.