रुमालाखालचा भाव

मंडळी, नाम घेऊन झालं, आता एक विचारतो. भिंतीला भिंत लागून दोन घरं. वाटीभर साखर या घरातून त्या घरात जायची, तर ती गल्लीच्या टोकाला जाते, तिसऱ्याच्या हातून फिरून येते — अर्धी वाटी! याला शेजार म्हणायचं का? हसू नका. आपण आणि चीन शेजारीच की! जगातल्या दर तीन माणसांतलं एक या दोन घरांत जेवतं. आणि व्यवहार कसा? ऐका तर.

सांगलीचे रामलिंगअप्पा शेटे, हळदीचे अडते. पांढरा सदरा, खांद्यावर रुमाल. चीनच्या एका शहरात मसाल्यांचं प्रदर्शन भरलं, तिथं अप्पा हळद घेऊन निघाले. शेतकऱ्यांनी एवढंच सांगितलं, "अप्पा, भाव थोडा इकडंतिकडं होऊ द्या. पण पोत्यावर सांगलीचं नाव पाहिजे." का? आपली हळद तिकडं जायचीच हो! पण एका परदेशी दलालाच्या पोत्यातून, त्याच्या नावानं. लेक आपली, आणि पत्रिकेवर बाप भलताच!

तोच दलाल तिथं दुभाषा होऊन मध्ये बसलेला. समोर लिनबाई, साठी उलटलेल्या, मोठ्या व्यापारी. बाईंनी हळकुंड मोडलं, वास घेतला, डोळे मिटले. माल पसंत पडला, अप्पांनी ओळखलं. आणि दलाल म्हणतो, "बाई म्हणतात, माल हलका आहे. माझ्या पोत्यात भरून द्या, मी खपवतो." बाईंना काय सांगितलं असेल, देव जाणे!

अप्पांनी पोत्यावरच्या नावाकडं पाहिलं. नाव पुसून परत जायचं? गावाला तोंड कसं दाखवायचं? घाम टिपायला रुमाल काढला — आणि थांबले. अहो, सांगलीच्या जुन्या सौद्यात भाव तोंडानं बोलत होते का? रुमाल पसरायचा, त्याखाली समोरच्याची बोटं धरायची. जितकी बोटं, तितका भाव. बघणाऱ्याला पत्ता नाही!

अप्पांनी हातावर रुमाल टाकून हात पुढं केला. आणि लाजले! परकी बाई, हात धरायचा कसा? घरी कळलं तर? लिनबाई मात्र खळखळून हसल्या. त्यांचे आजोबा घोड्यांचे व्यापारी. लांब बाहीत हात घालून तेही अशीच बोटं धरायचे! बाईंनी हात रुमालाखाली सरकवला.

बोट धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. दलाल वाकून बघतोय, "काय ठरलं? काय ठरलं?" बाबा रे, तुला सांगायचं असतं तर रुमाल कशाला!

भाव ठरला. अप्पांना दलालापेक्षा जास्त, बाईंना दलालापेक्षा स्वस्त. मग अप्पांनी पोत्यावरच्या अक्षरांवर हात ठेवला. "सांगली," ते म्हणाले. "सांग-ली," बाई म्हणाल्या, आणि पेन काढून खाली आपल्या लिपीत तेच नाव लिहिलं. अप्पांची मान ताठ झाली, डोळे मात्र भरून आले. तोवर बाईंनी आपलं चक्रीफूल पुढं केलं आणि पुन्हा रुमालाकडं बोट दाखवलं. एक सौदा झाला नाही तोच दुसरा!

अभिमान वाटला ना, मंडळी? वाटू द्या, वाटायलाच पाहिजे. पण या मांडवात डावीकडं एक भाऊ बसलाय, उजवीकडं दुसरा. दोघांचा बांध एक, आणि निरोप तिसऱ्याच्या तोंडून! नाव घेत नाही, खाली बघू नका. अप्पांनी परमुलखात हात पुढं केला. तुम्हाला नुसता मांडव ओलांडायचाय. उठा. रुमाल नसेल, तर हे माझं उपरणं घेऊन जा.