कधीच न अडकणारी रायफल

हसू नका रे, पण सशांच्या शिकारीसाठी कुठली रायफल घ्यावी, यावर मी महिनाभर सगळ्यांचं डोकं खाल्लं. शेवटी इथला, न्यूझीलंडमधल्या पोरिरुआचा माझा शिकारी मित्र डेव्ह म्हणाला, “बोल्ट-अ‍ॅक्शन घे. दर गोळीला बोल्ट, म्हणजे मागचा दांडा, हाताने सरकवायचा. कधीच अडकत नाही.” घेतली. आईलाही तेच दहादा ऐकवलं.

आई पुण्याहून आलेली. दसऱ्याला म्हणाली, “शस्त्र आहे ना? पूजेला ठेव.” बोल्ट काढून रायफल ठेवली. तिने हळदकुंकू, अक्षता वाहिल्या.

शनिवारी डोंगरावर ससा समोर आणि माझा बोल्ट सरकेना! डेव्हने वाकून पाहिलं, तर आत कुंकवाचे तांदूळ. ससा आमच्याकडे बघत निवांत निघून गेला.

घरी येऊन आईवर ओरडलो. ती म्हणाली, “मुद्दाम मूठभर अक्षता आत घातल्या. म्हटलं, अडकत कशी नाही, बघू या!”