गोरक्षकाकांची कॅल्शियमबंदी

नाशिकच्या कॅन्सर हॉस्पिटलात हसणं ऐकू आलं की मान आपोआप वळते. डॉक्टरांच्या खोलीतून सायखेड्याचे गोरक्षकाका, कुसाकाकू आणि कॅन्सरच्या पेशींवर पीएचडी करणारी पुतणी सायली हसत बाहेर आली आणि माझ्याच बाकड्यावर बसली.

“काका, किडनीची गाठ निम्मी झाली! इंजेक्शनं लागू पडली.”

“इंजेक्शनं कशाची? मी दूध बंद केलं ना ह्यांचं.”

“दूध? का गं काकू?”

“तूच दिवाळीत म्हनलीस, कॅन्सरच्या पेशीत कॅल्शियमचा खेळ असतो. दुसऱ्या दिवसापासून कोरा चहा.”

“दारात म्हैस हाय, सायली. मी तिच्याकडं नुसता बघत बसतो.”

“अगं काकू, ते पेशीच्या आतलं कॅल्शियम! रोगाशी लढणाऱ्या पेशी काही प्रथिनं सोडतात. ती गाठीच्या पेशीला चिकटली की आतलं कॅल्शियम कमीजास्त होतं, आणि त्या इशाऱ्यावर पेशी वाढते किंवा मरते. नेमकं कसं, ते आम्ही अजून शोधतोय. चहातल्या दुधाचा काही संबंध नाही.”

“अजून शोधताय ना? मग नाय कशावरून?”

सायलीनं डॉक्टरांच्या दाराकडे पाहिलं.

“बोल की पोरी! माझ्या चहाचा प्रश्न हाय.”

“थांबा, डॉक्टरांनाच विचारते.”

ती आत जाऊन लगेच परतली.

“खुशाल प्या म्हणाले.”

कुसाकाकू पदर खोचून उठल्या.

“आता कुठं निघालीस?”

“कॅन्टीनला. त्याला सांगते, पान्याचा थेंब घालू नको, नुसत्या दुधाचा कर. मानूस वाचलाय माझा.”