काळवंडलेला कलश

चूक माझी होती, हे आधी सांगतो, कारण पुढचं ऐकताना तुम्हाला ती करोनाची वाटेल, नाहीतर आमच्या सासूबाईंची वाटेल, तशी ती घरात सगळ्यांना वाटली आणि मी वाटू दिली. मी मूळचा सांगलीचा. बी.एस्सी. केमिस्ट्री केलं, मग इतरांसारखाच कॉम्प्युटरकडे वळलो, पुणं झालं, आणि आता बरीच वर्षं इथे नेदरलँड्समध्ये, न्यूनेनला आहे. केमिस्ट्रीतलं फारसं काही उरलं नाही, पण एक गोष्ट कॉलेजात पहिल्याच वर्षी डोक्यात बसवली होती, की ब्लीच अल्कलीत असतं तोवर गप्प बसतं, त्यात ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि तो फुप्फुसं जाळतो. मला हे माहीत होतं. माहीत नसतं तर, काय सांगू तुम्हाला, झोप तरी लागली असती.

सासूबाई हिवाळ्यात आल्या होत्या, मार्चमध्ये परत निघायच्या होत्या, आणि विमानं बंद झाली. मी त्यांना आईच म्हणतो. त्या मला जावईबापू म्हणतात, आणि चिडवायचं असलं की शास्त्रज्ञ. त्या दिवसांत मी इतका घाबरलो होतो की ब्लीच घेऊनच फिरायचो, दाराच्या कड्या, नळ, दुधाच्या बाटल्यासुद्धा पुसायचो, तर त्या म्हणायच्या, शास्त्रज्ञ, विषाणू मरेल तेव्हा मरेल, आधी आम्हाला वासाने मारू नका.

पाडव्याच्या आदल्या दिवशी त्यांना गुढीचा तांब्याचा कलश घासायचा होता. चिंच संपलेली, लिंबं नव्हती, तर मीच म्हटलं की इथे नळांवरचे पांढरे डाग काढायला व्हिनेगर मिळतं, त्यात मीठ घाला, तेही ॲसिडच. त्यांनी वरच्या बाथरूममध्ये बादलीत व्हिनेगर ओतून कलश लखलखीत घासला, बेसिनवर सुकत ठेवला, आणि बादली तशीच ठेवली, म्हणजे उरलेल्यात नळ पुसता येतील. मी फरशी पुसायला गेलो. ऑफिसची मीटिंग सुरू व्हायची होती. बादलीला व्हिनेगरचा वास येत होता, मला तो आला, आणि तरी म्हटलं एवढ्याशाने काय होतंय, आणि ब्लीच ओतलं. पोहण्याच्या तलावासारखा वास उठला, घसा चरचरला. खिडकी उघडली, दार ओढून घेतलं, खाली मीटिंगला बसलो. कोणाला काही बोललो नाही.

आई कलश आणायला वर गेल्या.

मी पोचलो तेव्हा त्या जिन्यात बसल्या होत्या, कलश मांडीत, डोळ्यांतून पाणी, आणि खोकला थांबत नव्हता. मृणाल, माझी बायको, त्यांना धरून होती. मी आधी काय केलं असेल? बादली ओतून टाकली. मग मृणालने हाउसआर्ट्सला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला फोन केला, तर ते म्हणाले करोना धरून चाला, वेगळ्या खोलीत ठेवा. मी तिथेच उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोललो.

मग आईंचं ताट दाराबाहेर. आतून त्या विचारायच्या, ठेवलंत का, मग जा खाली, मला लागण झालीय, तुम्हाला नको व्हायला. मृणाल जिन्यावर बसून रडायची, आणि खोटं कशाला सांगू, मला मनात वाटायचं, करोनाच असू दे. म्हणजे कारण मी नसेन.

दुसऱ्या दिवशी मी ताट ठेवायला गेलो तर आतून त्यांचा आवाज आला, शब्दाशब्दाला दम लागत होता. "जावईबापू, माझं काही झालं तर कलश मृणालकडे राहू दे. ती नीट घासते."

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि क्लोरीन म्हणालो. अँब्युलन्स आली, ऑक्सिजन लावला, त्या वाचल्या. मृणालला मी सांगितलं, चुकून मिसळलं. घरी आल्यावर आईंनी विचारलं, म्हणजे माझं व्हिनेगर आणि तुमचं ब्लीच? मी ॲसिड, अल्कली, सगळं समजावलं, कागदावर समीकरणसुद्धा लिहिलं. त्या म्हणाल्या, बाई गं, मी बादली तशीच ठेवायला नको होती. मी कागदाची घडी करून खिशात घातली.

विमानं सुरू झाल्यावर त्या कलश घेऊन परत गेल्या. पुढच्या पाडव्याला त्यांनी व्हिडिओ कॉलवर गुढी दाखवली, तर वर कलश काळवंडलेला. मृणाल म्हणाली, अगं आई, घासला नाहीस? तर म्हणाल्या, नको बाई, आता आंबट काही हातात घ्यायची भीती वाटते, माझ्या हातून सगळं घर मरायचं.

मी मृणालच्या हातातून फोन घेतला. ती ऐकत होती, ऐकू दिलं.

"आई, तुमच्या व्हिनेगरने काही झालं नाही. ब्लीच मी ओतलं, वास आला होता, काय होईल ते माहीत होतं, तरी ओतलं. आणि मग तुम्हाला खोलीत कोंडू दिलं, गप्प राहिलो. मला माफ करा. आणि तो कलश खाली उतरवून चिंचेने घासा."